‘वय झालंय’ म्हणून सोडून देण्याआधी : घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी, पायरीपायरीने

ऑक्टोबरातली संध्याकाळ. सासूबाई देवापाशी दिवा लावून स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, “वहिनी, गोठ्यात कंदील टांगला का?” आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गोठा त्यांच्या माहेरी होता, तोही सत्तर वर्षांपूर्वी. नवरा म्हणाला, “वय झालंय, एक्याऐंशी पूर्ण.” शेजारच्या काकूंनी मान हलवून सांगितलं, “सुरुवात अशीच होते गं.” दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना चमचा हातात धरता येईना, तेव्हा आम्ही हललो. रक्त तपासलं तर सोडियम ११६. ते १३५ ते १४५च्या दरम्यान असायला हवं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि भजनी मंडळातल्या कोणाचं तरी ऐकून त्यांनी जेवणातलं मीठ जवळजवळ सोडलं होतं. दोन्ही मिळून हा घोटाळा. पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मला विचारलं, “गॅसचा नंबर लावलास का?” मी बाहेर जाऊन रडले.

तेव्हापासून आमच्या घरात ‘वय झालंय’ हे वाक्य निदान म्हणून चालत नाही. पुढे जे लिहिते आहे ते सासूबाईंच्या आणि कऱ्हाडला राहणाऱ्या माझ्या बाबांच्या सहा-सात वर्षांच्या देखभालीतून जमलेलं आहे, बरंचसं चुका करून.

पहिली पायरी : वयाचं काय, आजाराचं काय

काही गोष्टी खरोखरच वयाच्या असतात. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. साठीनंतर स्नायू जास्त वेगाने झडतात. झोप उथळ होते, लवकर येते आणि लवकर उडते. नाव ओठावर येऊन अडकतं आणि अर्ध्या तासाने आठवतं. तहान लागल्याची जाणीव मंदावते. कातडी पातळ होते आणि जरासं घासलं तरी काळंनिळं होतं. याने घाबरू नका.

उलट, कपड्यात लघवी होणं, काही न करता वजन उतरणं, पुन्हा पुन्हा पडणं, आवडीच्या मालिकेतही मन न लागणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, जिना चढताना नव्याने दम लागणं, यातलं काहीही ‘वयाचं’ नाही. यातल्या प्रत्येकामागे शोधण्यासारखं कारण असतं आणि पुष्कळदा त्यावर उपाय असतो.

ओळखायला सोपा प्रश्न एकच : हे किती दिवसांत झालं? काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा पेंगतो आणि रात्री उठून कपाटं उघडतो, तर ती तातडीची गोष्ट आहे. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर खाली जाणं, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, चार दिवसांचा बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, यातलं काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही, आणि हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखेलच असंही नाही. नुसती गळून जातात, जेवण टाकतात.

बदल काही आठवड्यांतला असेल तर बी-१२, थायरॉइड आणि मनाचं नैराश्य तपासून घ्या. आणि एक आठवून बघा : मधल्या काळात डोक्याला काही लागलं होतं का? दाराच्या चौकटीवर साधं डोकं आपटल्यानेही कवटीच्या आत हळूहळू रक्त साठतं आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस बदललेला दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका जास्त. बदल वर्षा-दोन वर्षांचा असेल तर डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, विचार करायचा.

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलता येत नाही, बोलणं जड, असं दिसलं तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘शेवटचे नीट कधी होते’ ती वेळ लक्षात ठेवा आणि थेट सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा.

ऐकू येण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घरातली निम्मी भांडणं त्यातून होतात. वयाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ असं त्या म्हणतात तेव्हा ते ढोंग नसतं. अशा वेळी ओरडलं की आवाजाची पट्टी आणखी चढते आणि कळणं आणखी कमी होतं. समोर या, तोंड दिसू द्या, टीव्ही बंद करा आणि खालच्या पट्टीत सावकाश बोला. आधी कानातला मळ तपासून घ्या, मग मशीनचा विचार. मशीन डब्यातच पडून राहतं ही तक्रार सगळ्यांची आहे. सवय व्हायला आठवडे लागतात. सुरुवातीला रोज तासभर, तेही घरातल्या शांततेत.

दुसरी पायरी : औषधांची पिशवी ओता

जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि घरातली सगळी औषधं त्यावर ओता. देवघरातल्या डबीतली, उशाखालची, पर्समधलीसुद्धा. बाबांच्या पिशवीत एकच आम्लपित्ताची गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी निघाली. एक हृदयाच्या डॉक्टरांची, दुसरी हाडांच्या. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. खाली बारीक अक्षरात असतं ते औषध.

चार प्रकारांवर डोळा ठेवा. झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या गोळ्या : यांनी तोल जातो, बुद्धी गोंधळते, लघवी अडते. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या : मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडावर येतं, रक्तदाब वाढतो. साखरेच्या गोळ्या : ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि एकादशीचा उपास केला की साखर धोकादायक उतरते. चातुर्मास लागण्याआधी डॉक्टरांना उपासांचं वेळापत्रक सांगा. ते हसणार नाहीत, आणि हसले तर दुसरे बघा. चौथा प्रकार रक्तदाबाच्या गोळ्यांचा, त्याचं आमच्या घरचं उदाहरण वर आलंच.

मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल आणि माणूस शाकाहारी असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच. मुंग्या, तोल जाणं, विसरणं तिथूनही येतं. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, “यातली कोणती बंद करता येईल?” हा प्रश्न आपण विचारला नाही तर यादी वाढतच जाते. मात्र आपल्या मनाने काही बंद करू नका. काढे, चूर्णं, भस्मं चालू असतील तर तीही सांगा.

यादी कागदावर लिहा, एक घडी पाकिटात, एक फोटो मोबाइलमध्ये. आणि हो, दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांबद्दल विचारा. लस म्हणजे लहान मुलांची, हा आपल्याकडचा ठाम गैरसमज आहे.

तिसरी पायरी : रात्री दोन वाजताचा रस्ता

बाबा पडले ते पहाटे तीनला, बाथरूमच्या उंबऱ्यावर. कडी आतून लावलेली, दार आत उघडणारं, आणि ते नेमके दाराला टेकून पडलेले. शेजारच्या मुलाने वरच्या झरोक्यातून आत उतरून त्यांना बाजूला केलं. आईने तोवर पाऊण तास दाराबाहेर बसून त्यांच्याशी बोलणं चालू ठेवलं होतं.

म्हणून हे एकदा स्वतः करा. रात्री दिवे घालवून त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंत त्यांच्याच चपला घालून चालत जा. काय पायात येतं ते लगेच कळेल. दारातलं मऊ पायपुसणं, फॅनची वायर, दोन इंचांचा उंबरा, ओल्या गुळगुळीत फरशीवरची बादली.

मग या क्रमाने बदल करा. पहिला खर्च आधाराच्या दांड्यांचा : कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी, भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेल्या. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय असेल तर ती दांडी कधी ना कधी हातात येणार. दुसरं, दार बाहेर उघडणारं करून घ्या आणि कडी काढून टाका. संकोच वाटत असेल तर ‘आत कोणी आहे’ असा पुठ्ठा टांगा, आमच्याकडे जुन्या कॅलेंडरचा आहे. तिसरं, अंघोळीला पाट किंवा बुटकं स्टूल न वापरता हात असलेली, रबरी बूट लावलेली खुर्ची. वाटेवर रात्रभर मंद दिवा. पलंग इतकाच उंच, की काठावर बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात येतील.

रात्री उठताना आधी काठावर बसायचं, दोन मिनिटं पाय हलवायचे, मग उभं राहायचं. झोपेतून ताडकन उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

इतकं करूनही पडले, तर काखेत हात घालून लगेच उभं करू नका. सगळे तेच करतात. आधी विचारा कुठे दुखतंय, पाय हलतो का. एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा आणि हलवायला रुग्णवाहिकाच बोलवा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत होणं चांगलं. ‘या वयात ऑपरेशन नको, पडून राहू देत’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण पडून राहण्यातच जास्त धोका असतो : छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा. बाबांना ८३व्या वर्षी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. ते डॉक्टरांना शिव्या देत होते, पण उभे होते.

न पडण्यासाठी सगळ्यात स्वस्त व्यायाम : हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा. जमत नसेल तर आधी आधाराने.

चौथी पायरी : ताटात काय

चहा-खारी, दुपारी मऊ वरणभात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री ‘भूक नाही, थोडं दूध दे’. बहुतेक घरांतला हा आहार. पोट भरतं पण स्नायूंना काही मिळत नाही. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईंना साठ ग्रॅमच्या आसपास. घट्ट वरणाची एक वाटी सहा-सात ग्रॅम, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात. हिशेब केलात की कळेल आपण किती कमी पडतो ते. मऊ भातावर मेतकूट, मुगाचं धिरडं, ताकात भिजवलेली भाकरी, घरी फाडलेल्या दुधाचं पनीर कुस्करून, असं थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. कवळी सैल झाली असेल तर आधी ती नीट करा. घास चावताच येत नसेल तर कितीही पौष्टिक शिजवून काय उपयोग?

पाणी ‘तहान लागली की पितील’ यावर सोडू नका. तांब्या डोळ्यांसमोर ठेवा. रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणी तोडतात. मग दुपारपर्यंतच जास्त द्या. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती पाणी ते डॉक्टरच ठरवतील.) जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर सरळ बसवून भरवा, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

पाचवी पायरी : विसरणं खरंच विसरणं असेल तर

तपासण्या झाल्या आणि डिमेन्शिया निघाला, तर एक शिकावं लागतं : वाद जिंकायचा नाही. माझ्या आत्याला शेवटची तीन वर्षं रोज संध्याकाळी ‘घरी’ जायचं असायचं. “हेच तुझं घर” म्हटलं की ती चिडायची. आतेभावाने युक्ती काढली. तो चपला घालायचा, तिला घेऊन सोसायटीला एक फेरी मारायचा आणि दारात येऊन म्हणायचा, “आलो बघ.” ती हातपाय धुऊन शांत बसायची. दिवेलागणीला ही घालमेल वाढतेच. त्या वेळी पाहुणे, मोठा आवाज टाळा आणि दिवे जरा लवकर लावा. कपड्यांच्या आत फोन नंबर शिवून ठेवा. गॅसचा मुख्य कॉक रात्री बंद करा.

सहावी पायरी : कागद

हे कंटाळवाणं आहे म्हणून भराभर सांगते, पण टाळू नका.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात. केंद्र सरकारच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर ‘जीवन प्रमाण’वर मोबाइलने चेहरा दाखवूनही होतो. सत्तरीपुढच्यांना बँकेने घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सांगितलेलं आहे. शाखेत जाऊन लेखी मागा. सत्तर पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं : वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण यादीतल्या रुग्णालयात आणि दाखल झाल्यावरच. आपल्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आजच बघून ठेवा, रात्री अकरा वाजता नव्हे. एसटीला पंचाहत्तरीपुढे तिकीट नाही, ६५ ते ७५ अर्धं. काही अडलं, कोणी त्रास देत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

घराबद्दल. मुलाच्या, मुलीच्या किंवा नातवंडाच्या नावे राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. म्हणून ‘आत्ताच करून टाका’ असा आग्रह होतो. माझं स्पष्ट मत : हयातीत घर देऊ नये, मृत्युपत्र करावं. द्यायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३प्रमाणे सांभाळ झाला नाही तर ते दान रद्द करून घेता येतं, आणि अट लेखी असली तर भांडण सोपं जातं. याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही घरात एकदा मोठ्याने सांगा.

सातवी पायरी : मावशी ठेवताना

ब्युरोची मावशी बारा तासांची की चोवीस तासांची, हे आधी ठरवा. चोवीस तासांची म्हणजे चोवीस तास जागी राहणारी नव्हे. तिला झोप, जेवण, सुट्टी हवी. हे विसरणाऱ्या घरांत मावश्या टिकत नाहीत आणि मग ‘आजकाल माणसंच मिळत नाहीत’ अशी ओरड. तिचं आधारकार्ड बघा, पोलीस पडताळणी करा, पगार ब्युरोकडून तिच्या हातात किती पडतो तेही विचारा. एक शंभर पानी वही ठेवा : औषध कधी, खाल्लं काय, लघवी-शौच, झोप, काही वेगळं. डॉक्टरांना या वहीइतका उपयोग कशाचाच होत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, वर-खाली होणारी खाट लगेच विकत घेऊ नका. पुष्कळ गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत घेऊन ती नाममात्र भाड्याने देतात.

माणूस अंथरुणाला खिळला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी असली तरीही. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा दाबून पाहिल्यावर पांढरी पडत नसेल तर जखम सुरू झाली आहे. तिथे चोळू नका, टाल्कम पावडर थापू नका, त्या जागेवरचा भार काढा.

आठवी पायरी : सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना “तुम्ही प्राणायाम करत नाही” असं सुनवायचा. एकदा मी चिडून त्याच्यावर कामं टाकली : औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे दावे, मावशीचा पगार, आणि वर्षातले तीन आठवडे स्वतः कऱ्हाडला. आता तो सल्ले कमी देतो. लांबच्याला लांबून होणारी कामं द्या, महिन्याचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवा. जी रोज हाताने करते तिला (बहुतेक घरांत ‘ती’च असते) आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळालीच पाहिजे. राग येतो. मलाही आलाय. सासूबाईंच्या हातातली वाटी मी एकदा हिसकावून घेतली होती. त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, आज रात्री तू बघ, आणि मैत्रिणीकडे जाऊन झोपले.

नववी पायरी : शेवटचं बोलणं, शुद्धीत असतानाच

व्हेंटिलेटर हवा का, नळीने भरवायचं का, घरी राहायचं की रुग्णालयात, हे त्यांनाच विचारा. अभद्र बोलतेस म्हणून नातेवाईक झापतील. तरीही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. हेही समजून घ्या की अगदी अखेरच्या दिवसांत माणसाचं खाणं-पिणं आपोआप सुटतं. ते उपाशी ठेवणं नसतं. तेव्हा ओल्या कापसाने ओठ पुसत राहायचं.

आम्ही सासूबाईंना गेल्या दिवाळीनंतर विचारलं. त्या जराही दचकल्या नाहीत. उलट म्हणाल्या, “वही आण, सांगते तसं लिही.” मी मावशीच्या वहीचं मागचं पान काढलं. त्यांनी सांगितलं : नळ्या नकोत. दुखायला लागलं तर औषध द्यावं, त्यात काटकसर करू नये. हिरवी पैठणी धाकटीला, कारण थोरलीने मागच्या वेळी मागून घेतली. बाराव्याला जिलबी नको, श्रीखंड करावं. मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “आणि लिही, तोपर्यंत आमटीत मीठ नीट घालावं.”